न झालेल्या सभेचा वृत्तांत

भिवसनदादा,

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी नगरहून संपादकांचं कार्ड आलं. ‘तिसगावचे जुने व निष्ठावंत कार्यकर्ते श्री. भिवसनराव यांचे निधन झाल्याचे समजले. पुढील अंकासाठी आठ ओळी पाठवाव्या. अंत्ययात्रेस प्रचंड जनसमुदाय इत्यादी आपण जाणताच.’ मी गावचा शाळामास्तर, शाळेच्याच कोपऱ्यात चालणाऱ्या टपालाचाही कारभारी, आणि वर त्या साप्ताहिकाचा वार्ताहर. तेव्हा त्या कार्डावर शिक्का मारायचा मी, ते वाचायचं मी आणि उत्तरही द्यायचं मीच.

‘कार्यकर्ते’ हा शब्द वाचून मला आधी हसू आलं आणि मग ते कार्ड मी पालथं ठेवलं. तुम्ही जन्मात कुठल्या पक्षाचे नव्हता. तुम्हाला कार्यकर्ता मी केलं, माझ्या टाकानं, तुम्हाला न विचारता. आणि तीन वर्षांत तुम्हाला ते सांगायचं धैर्य मला झालं नाही.

जनसमुदायाचं म्हणाल तर एकोणीस माणसं होती. मी मोजली. तुमचीच खोड लागलेली. जोंधळ्याची काढणी ऐन भरात होती, माणसं रानात, कुणाला निरोप पोचला, कुणाला नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, “एकोनीस लई झाली की मास्तर, काढनी टाकून आली ती.”

तुमची विहीर गावाला लागून. चैत्र-वैशाखात बाकीच्या विहिरी तळ दाखवायच्या तेव्हाही तुमच्या मोटेला पाणी असायचं. त्यामुळं गावात सभा कुणाचीही असो, पाण्याची जोखीम तुमच्याकडं. मामलेदाराची असली तरी तुमच्या घागरी, त्याला शिव्या देणाऱ्यांची असली तरी तुमच्याच. लढाईच्या दिवसांत सैन्यभरतीसाठी साहेबलोक आले, सोबत बँड आणला, शाळेपुढं कमान उभारली. आठ दिवसांनी पेपरात आलं की तिसगावच्या सभेला पाच हजारांवर शेतकरी लोटले होते. मी ते वाचलं आणि तुम्ही बैलाच्या पाठीवरचा हात न काढता म्हणालात, “चौदा घागरी.”

मला कळेना. मग तुम्ही हिशेब समजावून दिलात. ऊन कडक असलं तर घागरीला वीस माणूस, आभाळ असलं तर तीस. त्या दिवशी ऊन होतं. म्हणजे पावणेतीनशे माणूस, आणि त्यातही निम्मी बँड ऐकायला आलेली पोरं. “पाच हज्जार मानूस आलं असतं तर माझी हीर कोरडी पडली असती न्हवं?” तुम्ही विचारलंत. मी पेपर घडी करून ठेवला.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण पेपर तुम्ही वाचला माझ्यापेक्षा नीट. दुपारी बैल सोडले की थारोळ्यापाशी आपली बैठक. मोटेचं पाणी जिथं पडतं तिथला तो ओला, गार दगड, त्यावर मी, समोर तुम्ही, आणखी चार-पाच जण. पुण्याचं दैनिक दोन दिवसांनी यायचं, कोळशावरची मोटार घाटात रुसली तर तीन. मला वाटायचं, शिळी बातमी वाचण्यात काय अर्थ. तुम्हाला ती पुरेशी शिळी वाटायची नाही. वाचून झालेला प्रत्येक पेपर तुम्ही घरी न्यायचात आणि धान्याच्या रिकाम्या कणगीत रचून ठेवायचात. महिन्यानं तोच पेपर बाहेर काढायचा आणि मला म्हणायचं, आता हा वाचा. महिन्यामागं काय होणार म्हणून छापलं होतं आणि खरंच काय झालं, ते समोरासमोर. कणगीला तुम्ही आढी म्हणायचात. “आंबं उतरवल्या-उतरवल्या खात्यात व्हय? आढीत घातल्यावर कळतं, पिकतंय का सडतंय.”

लढाईच्या बातम्या त्या आढीत किती सडल्या! आमच्या फौजांनी पूर्वीपासून तयार ठेवलेल्या जागी शिस्तीत माघार घेतली, हे वाक्य दर महिन्याला असायचं, फक्त गावाचं नाव बदललेलं. तुम्ही एकदा अगदी साळसूदपणे विचारलंत, “एवढी जागा तयार हुती, तर पैल्यापासनं तिथंच का न्हाई बसलं?” त्या दिवशी थारोळ्यावर जे हसणं झालं, ते ऐकून वहिनी घरातून बाहेर आल्या होत्या, काय झालं म्हणून.

आणि तो पावसाळा आठवतो? देशातले मोठमोठे पुढारी रातोरात पकडले गेले आणि पेपरात आलं की त्यांना ‘अज्ञात स्थळी’ ठेवलं आहे. मी नुकताच पगाराला नगरला जाऊन आलो होतो. तिथं किल्ल्यावर पहारा वाढलेला, रस्ता अडवलेला, आणि भाजीवाल्या बायकासुद्धा बोटानं दाखवत होत्या, आत कोण आहे ते. तुम्ही मला ते दोन शब्द दोनदा वाचायला लावलेत. “नगर म्हाईत न्हाई व्हय पेपरवाल्याला?” मी सांगितलं, माहीत आहे दादा, छापायला बंदी आहे. तुम्ही पेपर हातात घेऊन उलटसुलट बघितलात. मग म्हणालात, “म्हंजे तो बी आपल्यावानीच. ठावं असून बोलत न्हाई.” तेव्हा मला ते बोलणं नुसतं पेपरवाल्याविषयी वाटलं होतं.

आपला खरा वाद पुढं झाला, आणि तो अर्धाच राहिला. लढाई संपली, निवडणुका आल्या आणि मी हिरिरीनं नगरच्या साप्ताहिकात लिहायला लागलो. स्कूल बोर्डाची नोकरी, राजकारणावर लिहायला बंदी, म्हणून खाली नाव नाही, नुसतं ‘आमच्या वार्ताहराकडून’. माझं म्हणणं असं की सरकारी पेपर इतकी वर्षं खोटं छापत आले, आता आपल्या बाजूनं दोन ओळी फुगवून छापल्या तर काय बिघडलं? काम तर चांगलं आहे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “बैल आपला हाय म्हनून त्याचं वय कमी सांगायचं व्हय, मास्तर?”

“बाजारात सगळेच सांगतात,” मी म्हणालो.

“म्हनून तर समदी दात बघत्यात. मग खरं सांगनाऱ्याच्या बैलाचंबी दात बघत्यात. त्याचं काय?”

मी चिडलो होतो दादा, कबूल करतो. शेतकऱ्याला देशकार्य काय कळणार, असं काहीसं बोलून गेलो आणि चार दिवस थारोळ्याकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच शाळेच्या दारात येऊन उभे राहिलात. “पेपर साठल्यात,” एवढंच म्हणालात. ते आजही मनात आहे.

त्यानंतर महिन्याभरातच ती सभा. पुण्याकडचे एक मोठे पुढारी येणार होते. तालुक्याची मंडळी तुमच्याकडं आली आणि म्हणाली, वडीलधारे शेतकरी म्हणून तुम्ही हार घालायचा, चार शब्द बोलायचे. मी तिथंच होतो. तुम्ही हात जोडून सांगितलंत, “पानी मागाल तेवढं देतो. हार न्हाई घालायचो. त्या मानसाला मी कवा बघितलं न्हाई, बोलताना ऐकलं न्हाई. कसा घालू?” मंडळी नाराज झाली. मला तर तुमचा संतापच आला, सबंध जिल्ह्यासमोर गावाची शोभा होणार म्हणून.

आता आम्हा वार्ताहरांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी होती, ती मी कधी सांगितली नाही. टपालाची मोटार सकाळी सुटते आणि सभा असते संध्याकाळी. सभा झाल्यावर लिहिलं तर मजकूर अंकाला चुकतो. म्हणून आम्ही वृत्तांत आदल्या रात्रीच लिहून ठेवतो. भाषण मंडळींनी छापूनच दिलेलं असतं. टाळ्यांचा कडकडाट होणार हे ठरलेलंच. अलोट गर्दी, उत्स्फूर्त घोषणा, आभारप्रदर्शन, सगळं सभेच्या आधी. तसा मीही लिहिला. आणि लिहिता लिहिता शोभा राखायची म्हणून हार तुमच्या हातात दिला. ‘वयोवृद्ध शेतकरी श्री. भिवसनराव यांनी सद्गदित कंठाने पुष्पहार अर्पण करून तमाम शेतकरीवर्गाचा पाठिंबा जाहीर केला.’ सकाळच्या मोटारीनं तो कागद गेला.

पुढाऱ्यांची गाडी करंजीच्या घाटात बंद पडली. दिवस मावळेपर्यंत माणसं शाळेपुढं बसून होती. मग एक सायकलवाला निरोप घेऊन आला की साहेब परत फिरले, आणि माणसं धोतर झटकून उठली. तुम्ही पहाटेपासून मोट हाकून चाळीस घागरी भरून ठेवल्या होत्या. त्यातल्या पंधरा लागल्या. उरलेलं पाणी तुम्ही गुरांना पाजलंत आणि तरीही उरलं ते शाळेच्या लिंबाला घातलंत. मी मदतीला होतो. घागर उचलताना माझ्या डोक्यात एकच विचार, आता अंक छापला जाणार.

छापला गेलाच. पहिल्या पानावर आला. मी कार्ड पाठवून थांबवू शकलो असतो, निदान पुढच्या अंकात दुरुस्ती मागू शकलो असतो. पाठवलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या पानावरची ती दोन रकाने जागा मला सोडवेना. शिवाय वाटलं, नगरला कोणाला कळणार? आणि तिसगावात पेपर वाचतो कोण, मीच. थारोळ्यावर त्या दिवशी तो अंक मी वाचला, फक्त पहिलं पान उलटून दुसऱ्यापासून सुरुवात केली. तुम्ही नेहमीप्रमाणं तो घेतलात, घडी केलीत आणि कणगीत टाकायला नेलात.

त्याचा त्रास मात्र तुम्हाला झाला. पाथर्डीच्या बाजारात दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी तुमच्याशी राम राम तोडला. नेवाशाकडचे तुमचे मेहुणे घरी येऊन टोचून बोलून गेले, हार घालायला गेला होता म्हणून. एकदा बैलांना पाणी दाखवता दाखवता तुम्ही म्हणालात, “लोकं कायबी बोलत्यात मास्तर. मी कुनाला तरी हार घातला म्हनत्यात.” मी म्हणालो, “लोकांचं काय एवढं मनावर घेता?” तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मी सुटलो असं समजलो.

त्या सुमारास तुम्हाला एक नवी सवय लागली. वाचन संपलं, मी पेपराची घडी घालायला लागलो की तुम्ही विचारायचात, “ह्यात आपल्या गावाचं काय हाय का?” दर वेळी. मी दर वेळी म्हणायचो, नाही. मला वाटायचं, वय झालं, म्हाताऱ्या माणसाला गावाचं नाव पेपरात यावंसं वाटतं. एक-दोनदा तर मी वैतागून म्हणालो, “दादा, आपल्या गावात काय घडतंय की छापून येईल!” तुम्ही मान हलवायचात आणि पेपर घेऊन जायचात.

स्वातंत्र्य आलं त्या सकाळचंही सांगून टाकतो. चावडीपुढं झेंडा लागला. कमान तीच होती, भरतीच्या सभेची. कापड उलटं करून लावलं होतं इतकंच. बँडही तोच, आणि पुढं पुढं करणारी माणसंसुद्धा बरीचशी तीच. माझ्या ते ध्यानात आलं आणि मला वाटलं, आता दादा काहीतरी बोलणार. तुम्ही धुवट धोतर नेसून, फेटा बांधून अगदी मागं उभे होता. मी जवळ येऊन खोडी काढली, “दादा, किती घागरी लागल्या?” तुम्ही डोळे पुसलेत. “आज न्हाई मोजल्या,” म्हणालात. आणि पुढच्या आठवड्यात थारोळ्यावर बसल्या बसल्या तुम्हीच आठवण दिलीत, “आता फिरून मोजाया लागा मास्तर. आता तर आपलाच बैल हाय.” तुमच्याबद्दल मला जी माया वाटते दादा, ती बहुतेक त्या दोन वाक्यांमुळं. ते कधी बोलून दाखवलं नाही.

दहाव्याला मी घरी आलो होतो. विधी उरकले होते. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. तुमची लेक कौसा नेवाशाहून आलेली. ती माझ्याच शाळेतली, चार यत्ता शिकलेली, गावातली पहिली मुलगी जिला मी अक्षर दिलं. वहिनींनी विचारलं, “त्या कनगीतल्या पेपरांचं काय करायचं मास्तर? तुमीच घेऊन जावा.” मी उठलो. कौसा माझ्या मागोमाग आत आली, तिनं झाकण काढलं. अगदी वर तो अंक होता. इतक्या वर्षांचे सगळे पेपर खाली आणि तो एकटा वर, पहिलं पान बाहेर करून घडी घातलेला.

“हा वर कसा?” मी विचारलं.

“बापू रोज वर काढून ठिवायचं,” ती म्हणाली. “मी दिवाळीला आल्ते तवा मामांचं बोलनं झाल्तं ना, हार घातल्याचं. तवा बापूंनी माझ्याकडनं वाचून घेतला. दोनदा.”

“मग? काय म्हणाले?”

कौसा पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मी म्हनले, जाऊन इचारते मास्तरांना. तर म्हनले, न्हाई पोरी. त्यांना ठावं हाय. वाचत्याल कवातरी आपन हून. मी इचारत जाईन.”

मी इचारत जाईन. दादा, तीन वर्षं तुम्ही विचारत होता आणि मी तुम्हाला म्हातारपणाची हौस समजत होतो. तुमच्या घरात त्या कणगीला टेकून मी रडलो. कौसानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि बाहेर गेली. चिडला असता, थारोळ्यावर चारचौघांत माझी लाज काढली असती, तर मी केव्हाच मोकळा झालो असतो. तुम्ही मला सोडलं नाहीत आणि हाकललंही नाहीत. ह्याचा मला थोडा रागही येतो. पण तुमच्याशी आता भांडता येत नाही.

त्याच संध्याकाळी संपादकांना लिहिलं. आठ ओळींऐवजी पानभर झालं. ती सभा झालीच नाही, हार घातला नाही, भिवसनदादा कुणाचे कार्यकर्ते नव्हते, सभा कुणाचीही असो ते तहानलेल्यांना पाणी द्यायचे, अंत्ययात्रेला एकोणीस माणसं होती, आणि हे सगळं खोटं मी लिहिलं होतं. खाली पहिल्यांदाच पूर्ण नाव घातलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

उत्तर आलं. संपादक माणूस वाईट नाही, त्यांनी प्रेमानंच लिहिलं होतं: ‘आपले मन हळवे झाले आहे हे समजू शकतो. परंतु बातमी फार शिळी झाली. आता दुरुस्ती छापण्यात काही स्वारस्य नाही.’ त्यामागून अंकही आला. त्यात तुम्ही आहात. तिसऱ्या पानावर, आठ ओळी, संपादकांनी जुनी फाईल बघून स्वतः लिहिलेल्या. निष्ठावंत कार्यकर्ते. सद्गदित कंठ. प्रचंड जनसमुदाय. मी पाठवलेलं बाजूला ठेवून छापून आलं, म्हणजे आता माझीही गरज उरली नाही.

काल दुपारी बैल सोडायच्या वेळेला मी थारोळ्यावर गेलो. बरोबर दोन पेपर. नेहमीचे पाच जण होते. वहिनींना आणि कौसाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, त्या विहिरीच्या कडेला बसल्या. आधी नवा वाचला, आठच्या आठ ओळी. जनसमुदायाच्या ओळीला एकजण नुसता हुंकारला. मग मी कणगीतला जुना उघडला, आणि तीन वर्षांपूर्वी उलटून टाकलेलं पहिलं पान शब्द न गाळता वाचलं. टाळ्यांचा कडकडाट वाचला, हार वाचला, तुमचा पाठिंबा वाचला. मग सांगितलं की हे मी लिहिलं, सभेच्या आदल्या रात्री, आणि ह्यातलं काहीही झालं नाही.

पाचातल्या एकानं तंबाखू मळता मळता विचारलं, “म्हंजे भिवसनदादानं हार घातलाच न्हवता?”

“नाही.”

“आमी समदी तितंच हुतो की मास्तर,” तो म्हणाला. “आमाला ठावंच हाय. नेवाशाच्या पावन्याला कळवा.”

वहिनी पदर सावरून उठल्या, घागरीतून तांब्या भरून माझ्या हातात दिला. मेहुण्यांना आजच्या टपालानं लिहिलं आहे, पाथर्डीलाही कळवलं आहे. काल वाचन संपल्यावर सवयीनं घडी घालायला घेतली आणि हात थांबला. तुमच्या जागेवर, त्या ओल्या दगडासमोर, कोणी बसलं नव्हतं. मी तिकडं बघून मोठ्यानं सांगितलं,

“व्हय दादा. ह्यात आपल्या गावाचं हाय.”